दोन बोटं

मेकॅनिकने पैसे नको म्हटले तर खरं माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला त्या दिवशी ते खुपलं, आणि बरेच दिवस खुपत राहिलं. झालं होतं इतकंच की मला 'हा झांग' नावाच्या ठिकाणी जायचं होतं, व्हिएतनाममध्ये, मी राहते त्या हनोईहून उत्तरेला साधारण 300 किलोमीटर आणि त्यापुढे नुसता डोंगर, आणि माझ्या वेव्हची, म्हणजे होंडाच्या छोट्या मोटरसायकलची, चेन मधूनच कटकट करत होती, म्हणून मी ठरवूनच गेले होते की चेनसेट नवा टाकून घ्यायचा, पुढचं स्प्रॉकेट, मागचं स्प्रॉकेट, चेन, सगळंच, पैसे पण वेगळे काढून ठेवले होते. मेकॅनिक काकांनी गाडी मेन स्टँडला घेतली. वेव्हची चेन पूर्ण झाकलेली असते, कव्हरला एक रबरी बूच असतं, ते त्यांनी नखाने उपसलं आणि त्या भोकातून बोट आत घालून चेन वर-खाली दाबून बघितली. मग चाक थोडं फिरवलं, परत दाबली. परत थोडं फिरवलं. असं करत करत अख्खं चाक. शितावरून भाताची परीक्षा इथे चालत नाही, जुनी चेन एका जागी ताठ असते आणि वीतभर पुढे सैल, आणि ते सगळं त्या एका बोटाला कळावं लागतं. काळं झालेलं बोट बाहेर काढून फडक्याला पुसलं आणि म्हणाले, "चुआ." अजून नाही. मग दोन्हीकडचे ॲडजस्टर मोजून सारखे ओढले, एक्सलचा नट आवळला, भोकातून थोडं तेल सोडलं, बूच परत बसवलं. मी हातवारे करून बदलाच म्हटलं, फोनवर हा झांगच्या घाटाचा फोटोसुद्धा दाखवला. त्यांनी फोटो नीट बघितला, मान हलवली, परत तेच. पैसे पुढे केले तर हात मागे घेतला. मी किक मारून निघाले तेव्हा त्यांनी दोन बोटं वर केली, इथे फोटो काढताना सगळे करतात तशी, मी पण हसून दोन बोटं दाखवली.

गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत मला चक्क राग आला होता.

का आला ते मी नंतर खूप विचार करून बघितलं. एकतर मी बाहेरची, भाषा तोडकीमोडकी, गाडी डोंगरात बंद पडली तर कोणाला फोन करायचा हा प्रश्न मला रोजचाच, आणि अशा वेळी नवा पार्ट टाकला की मनाला एक धीर येतो, तो पार्ट गाडीला हवा असो नसो. मी गाडीचा चेनसेट नाही, माझी रात्रीची झोप विकत घ्यायला गेले होते असं म्हणा. आणि समोरचा माणूस माझी झोप विकायला तयार नव्हता, तो फक्त चेनबद्दल बोलत होता. दुसरं म्हणजे, मला वाटलं की ह्याला मी बाई म्हणून, परदेशी म्हणून, ह्या गाडीतलं काय कळतंय असं वाटत असणार. तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं, पण भाषा येत नसली की आपण समोरच्याच्या चेहऱ्यावर आपल्याच मनातलं वाचत बसतो ना, तसं झालं.

काकांचं दुकान हनोईच्या 'नोक हा' नावाच्या भागात आहे, जिथे एका छोट्या तळ्यात 1972 च्या डिसेंबरात पाडलेल्या बी-52 विमानाचा सांगाडा अजून पाण्यातून डोकं काढून उभा आहे आणि त्याच्या कडेने म्हाताऱ्या बायका भाजी विकतात. तिथून आत गल्ल्या लागतात, दोन स्कूटर समोरासमोर आल्या तर एकीने पाय टेकून थांबावं लागेल इतक्या अरुंद. दुकान म्हणजे घराच्या तळमजल्याची पुढची खोली, तीही निम्मी हत्यारांनी भरलेली, खरं काम सगळं बाहेर. सकाळी सातच्या आत शटर वर जातं, कॉम्प्रेसर घरंगळत बाहेर येतो, हाताने रंगवलेली 'सुआ से', म्हणजे गाडी दुरुस्ती, अशी पाटी टायरला टेकवून उभी राहते, आत भिंतीवर खिळ्यांना लटकलेल्या जुन्या ट्यूबा, पाने मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने, पण ही ओळ फक्त सकाळी, दुपारपर्यंत सगळे पाने जमिनीवर, आणि तरी काका न बघता हात मागे करून बरोबर चौदा नंबरचा पाना उचलतात. शेजारी चा दा विकणाऱ्या मावशी, म्हणजे बर्फ घातलेला फिका हिरवा चहा, आणि घोट्याएवढी प्लास्टिकची स्टुलं. गिऱ्हाईकाने तिथे बसायचं, चहा घ्यायचा आणि आपली गाडी उघडी होताना बघायची. कोणीतरी बांबूची लांब नळी गुडगुड ओढत असतो, त्या तंबाखूचा वास, तापलेल्या सायलेन्सरवर सांडलेल्या ऑइलचा वास, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये त्यात ओल्या भिंतींचा वास. त्या दिवसांत इथे नोम असतो, हवा इतकी ओली की फरशा, आरसे, भिंती सगळ्यांना घाम फुटतो, आणि काकांच्या पान्यांवर रात्रीतून तांबूस साय धरते. सकाळचा पहिला अर्धा तास ते पाने पुसतात. मला तो अर्धा तास फार आवडतो, कोणी घाई करत नाही.

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी गाडीच्या आधी माझं जन्मसाल विचारलं. ते कळल्याशिवाय एकमेकांना हाक काय मारायची हेच ठरत नाही इथे. हिशोब झाला, ते माझ्या वडिलांपेक्षा थोडे लहान निघाले, म्हणून ते माझे काका आणि मी त्यांची पुतणी, झालं. आणि खरं सांगते, त्यानंतर आमचं बोलणं शब्दांनी फारसं झालंच नाही. मी गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवते. टकटकटक म्हणजे टॅपेट. खर्र म्हणजे ब्रेक. गाडी खेचत नाही हे सांगायला मी मुठी पिळून चेहरा दमल्यासारखा करते आणि ते गंभीरपणे ऐकतात, मग स्वतः गल्लीच्या टोकापर्यंत चालवून येतात. चालवताना ते गाडीकडे बघत नाहीत, मान जरा एका बाजूला, डोळे कुठेतरी लांब. फोनमधलं भाषांतर मी सुरुवातीला वापरायचे, नंतर सोडून दिलं, कारण त्यात दोघं फोनकडे बघत बसतो आणि गाडी राहते बाजूला. आता मला इथले पार्टचे शब्द येतात, प्लगला बुझी, टायरला लोप, ट्यूबला साम, बाजारात कांदे-बटाटे कसे मागावे ते अजून धड येत नाही पण ब्रेकशू मागता येतात.

पंक्चरचं मात्र सांगायलाच पाहिजे. इथे पंक्चर काढायच्या दोन पद्धती आहेत, वा सोंग आणि वा चिन, म्हणजे कच्चं आणि शिजवलेलं. कच्चं म्हणजे आपल्याला माहीत असतं तेच, घासा, सोल्यूशन लावा, सुकू द्या, पॅच ठोका. शिजवलेलं मी इथेच पहिल्यांदा बघितलं. ट्यूब बाहेर काढून, हवा भरून, प्लास्टिकच्या टबात बुडवून बुडबुडे शोधले, भोकावर जीभ लावून आधी खात्री केली (हे बघून मी दचकले होते, पण ओल्या जिभेला हवेची सगळ्यात बारीक धार कळते म्हणे), मग तेवढी जागा कानशीने खरवडून मऊ केली. त्यावर कच्च्या रबराचा नखाएवढा तुकडा. मग एक शिकंजा आहे, त्याच्या वरच्या अंगाला कुठल्यातरी जुन्या इंजिनाचा पिस्टन उलटा बसवलेला, ट्यूब त्याच्याखाली दाबून स्क्रू आवळला, पिस्टनच्या पोकळीत थोडं पेट्रोल ओतलं आणि काडी लावली. पाच-सहा मिनिटं निळी-पिवळी ज्योत, काका मांडी घालून तिच्याकडे बघत बसलेले, ज्योत विझली तरी हात लावला नाही, पिस्टन आपोआप गार होऊ दिला. शिकंजा सोडला तेव्हा पॅचची कड कुठे संपते आणि ट्यूब कुठे सुरू होते ते बोट फिरवून कळत नव्हतं, रबर रबरात मुरलं होतं. बऱ्याच दुकानांत आता ह्याच कामाला विजेचं यंत्र आहे, बटण दाबलं की घंटी वाजेपर्यंत विसरून जायचं. काकांकडेही ते आहे. पण लाइट गेली की पिस्टन बाहेर येतो, आणि मला संशय आहे की लाइट असतानाही कधीकधी येतो.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मी जातच नाही असं नाही. तिथे टोकन मिळतं, एसी आहे, थंड पाण्याची बाटली हातात देतात, काचेपलीकडे युनिफॉर्ममधली मुलं एकाच उंचीच्या लिफ्टवर गाड्या घेऊन काम करतात, काम चोख, बिलावर प्रत्येक वॉशरची किंमत छापलेली. तक्रार करायला जागा नाही. पण त्या काचेमुळे मला काही शिकायला मिळत नाही. इकडे फुटपाथवर ऑइल बदलताना काका जुनं ऑइल दोन बोटांत घासून दाखवतात, कण लागतोय का बघ, आणि मला कळतं की इंजिनाच्या आत काय चाललंय. वेव्हला जेमतेम पाऊण लिटर ऑइल लागतं, एवढ्याशा ऑइलवर ते इंजिन हजार-दीड हजार किलोमीटर जगतं, ही गोष्ट मला बिलावरून कधी जाणवली नसती. एवढ्या साध्या, एवढ्या सोसणाऱ्या मशीनमुळेच तर हे गल्लीतले मेकॅनिक आहेत. मुळात होंडाची 1958 ची सुपर कब, तिचाच हा सगळा वंश, क्लचची मूठ नाही, इंजिन आडवं, दोन-चार पान्यांत उघडणारं. 90 च्या दशकात थायलंडहून आलेली ड्रीम ज्याच्या दारात असेल त्याचा थाट असायचा, मग 2000 च्या सुमाराला स्वस्त चिनी गाड्यांचा पूर आला, आणि 2002 मध्ये होंडाने इथेच बनवलेली स्वस्त वेव्ह अल्फा काढली. काकांचं दुकान त्या चिनी गाड्यांच्या वेळी सुरू झालं. त्या सारख्या बिघडायच्या, ते हाताने सांगतात, सकाळी एक, दुपारी एक, संध्याकाळी तीच परत. हे सांगताना ते त्या गाड्यांबद्दल वाईट बोलत नाहीत, त्यांच्यावर शिकले ना.

विश्वासाचं म्हणाल तर इथे सगळेच काका नाहीत. दक्षिणेत सायगावच्या आसपासच्या हायवेंवर खिळे टाकणाऱ्यांचा उपद्रव वर्षानुवर्षं आहे, त्यांना दिन्ह ताक म्हणतात, रस्त्यावर धारदार पत्र्याचे तुकडे पसरायचे आणि थोडं पुढे पंक्चरचं दुकान टाकून बसायचं, आणि ट्यूब अशी फाटते की नवीच घ्यावी लागते. भर वेगात टायर बसून माणसं पडलीत तिथे. आणि त्याच रस्त्यांवर साधी माणसं, कोणी निवृत्त, कोणी कामगार, गाडीला मोठं लोहचुंबक बांधून ते खिळे गोळा करत फिरतात, कोणी सांगितलेलं नसताना, पगार नसताना. मी त्याबद्दल पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला खिळे टाकणाऱ्यांपेक्षा चुंबकवाल्यांचंच जास्त आश्चर्य वाटलं होतं. तेव्हा नवीन शहरात, नवीन रस्त्यावर, टायर बसला आणि पन्नास पावलांवर दुकान दिसलं की पोटात गोळा येतो तो येतोच. परदेशात तर फसवले जाण्याच्या भीतीचा भाव वेगळाच असतो, वीस हजार डाँग, म्हणजे इथली किरकोळ रक्कम, जास्त गेल्याचं दुःख नसतं, आपण परके म्हणून ओळखू आलो ह्याचं असतं.

तर हा झांग.

पहिल्या दिवशी सगळं छान चाललं. चेन आवाज न करता फिरत होती, मी तरी दर चढावर कान तिच्याकडेच लावून. दुसऱ्या दिवशी क्वान बाचा घाट चढून उतरायला लागले, लांबच लांब उतार, वळणामागून वळण, आणि मी मागचा ब्रेक दाबून धरला होता, सुटला की गाडी पळते म्हणून. येन मिन्हच्या अलीकडे वास यायला लागला, जळक्या केसांसारखा, आणि ब्रेकचा पेडल खाली खाली जायला लागला, पायाखालून जमीन सरकावी तसा. पाइनची झाडं, धुकं, आणि एका लाकडी घराच्या खालच्या मजल्यावर टायर लटकलेला दिसला, म्हणजे दुकान. एक बाई, माझ्याच वयाची असेल, पाठीवर झोपलेलं बाळ बांधलेलं, बाहेर आली. तिने मागच्या ब्रेकच्या ड्रमजवळ हात नेला, टेकवला नाही, उष्णता बघितली, आणि मला बसायला सांगितलं. गार होईपर्यंत तिने काही केलं नाही, मक्याची कणसं सोलत बसली. मग रॉडचा नट सोडून, चाक काढून ड्रम उघडला. काळा भुगा जमिनीवर पडला. शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, अगदी कडेपर्यंत गेलेले नव्हते, पण वरून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, तिने ते माझ्या हातात दिले, नखाने खरवडून दाखवलं की बघ, धरायला काही उरलंच नाही. तिच्या मोठ्या मुलाने आतून नवे शू आणून दिले. सगळं बसवलं, पाळण्याला झोका द्यावा तितक्या हळू चाक हाताने फिरवून बघितलं, बाळ जागं होऊ नये म्हणून ती सगळं हळूच करत होती. 80 हजार डाँग. आणि मी हेल्मेट घालत असताना तिने माझ्या गिअरच्या पेडलवर पाय ठेवला, दोनदा दाबला, आणि दोन बोटं वर केली.

मग मला एकदम कळलं. दुसऱ्या गिअरमध्ये उतर.

काकांनी घाटाचा फोटो नीट बघितला होता. त्यांनी बघितलं की चेन पोचेल, आणि बघितलं की उतार कसा आहे, आणि जे सांगायचं ते सांगितलं होतं, दोन बोटांत. पुढे दोंग वानहून मा पी लेंगच्या रस्त्याला लागले तेव्हा मी दुसऱ्या गिअरवर गाडी सोडली आणि ब्रेक नुसता चाचपत राहिले, इंजिन घूं घूं करत स्वतःच गाडीला धरून ठेवत होतं, माझं लक्ष पहिल्यांदा आजूबाजूला गेलं. खाली खोल नो क्वे नदी, हिरवीनिळी, आणि हा रस्ता 1959 ते 1965 मध्ये माणसांनी हाताने खोदलेला, मा पी लेंगच्या कड्यावर तर कामगार दोरांना लटकून 11 महिने दगड फोडत होते. खिंडीत त्यांचं स्मारक आहे, तिथे थांबले. चेनच्या भोकात मी पण बोट घालून बघितलं. मला काही कळलं नाही, पण घालून बघितलं.

परत आल्यावर काकांना सांगितलं, नाक धरून जळका वास दाखवला, जुने शू पिशवीत आणले होते ते दिले. त्यांनी ते उजेडाकडे धरले, त्या बाईचं काम चांगलं आहे अशी मान डोलावली, आणि मग माझ्या ब्रेकच्या पेडलचा फ्री प्ले, म्हणजे ब्रेक लागण्याआधी पेडल किती मोकळा हलतो ते, तपासला, तिने ठेवला होता तो त्यांनी अर्धा फेरा बदलला. तेवढं ते करणारच होते.

मी त्यांना देवमाणूस करून ठेवतेय असं वाटत असेल तर तसं नाहीये. तेतच्या, म्हणजे इथल्या नवीन वर्षाच्या, आधीच्या आठवड्यात त्यांच्याकडे जाऊन बघा. नवीन वर्ष जुन्या चिखलात सुरू करायचं नाही म्हणून अख्खं हनोई गाड्या धुवायला, ऑइल बदलायला निघतं, गल्लीत रांग, काका कोणाकडे मान वर करून बघत नाहीत आणि भाव सरळ दीडपट. ओळख असो नसो. मला पहिल्या वर्षी ते लागलं होतं, आता वाटतं की पुढचे आठ-दहा दिवस शहर बंद, त्यांची सगळी भावंडं गावी जमणार, लहान मुलांना लाल पाकिटं द्यायची, त्या पाकिटांतले पैसे ह्याच आठवड्यातून येतात. तरी दीडपट मोजताना हात जरा आखडतोच, खोटं कशाला सांगू. पावसाचंही तेच. पाणी तुंबलं की सायलेन्सरमधून आत जाऊन गाड्या रस्त्यात मरतात, आणि दर चौकात कुठूनतरी एक मेकॅनिक उगवतो, प्लग काढतो, पुसतो, प्लगशिवाय दहा किक मारून भोकातून पाण्याचा फवारा उडवतो, ऑइल दुधाळ झालंय का बघतो, आणि तोंडाला येईल तो भाव सांगतो. ही लूट आहे का? मला ठरवता येत नाही. तो माणूस पण गुडघाभर घाण पाण्यात उभा असतो. 2024 च्या सप्टेंबरात यागी वादळ आलं, शहरातली हजारो झाडं आडवी झाली, लाल नदीचं पाणी इतकं चढलं की लाँग बिएन पूल बंद ठेवावा लागला, त्या आठवड्यात काका नदीकाठच्या वस्तीत जाऊन गाड्या सुरू करून देत होते. पैसे घेत होते. कमी घेत होते असं चहावाल्या मावशी म्हणाल्या, मी विचारलं नाही.

आता मुद्दा वेगळाच आलाय आणि खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसले ते त्यामुळेच. 12 जुलै 2025 ला पंतप्रधानांचा निर्देश निघाला, त्यात हनोईला सांगितलंय की 1 जुलै 2026 पासून पहिल्या रिंग रोडच्या आत पेट्रोलच्या दुचाक्या चालणार नाहीत अशी पावलं उचला, 2028 पासून दुसऱ्या रिंग रोडपर्यंत, 2030 पासून तिसऱ्या. कसं, कधी, कुठल्या रस्त्यांवर, ह्यावर शहरात सारखं उलटसुलट बोलणं चालू असतं. नोक हा पहिल्या रिंगच्या आत आहे. माझं घरही. आणि मला हे धड विरोधही करता येत नाही, कारण इथला हिवाळा मी छातीत भरून घेतलाय, 2025 च्या जानेवारीत जगातल्या सगळ्यात प्रदूषित शहरांत हनोईचं नाव वर होतं, सकाळी खिडकीतून समोरची इमारत पुसट दिसायची आणि काका स्वतः मास्क खाली करून खोकायचे. साठ लाखांहून जास्त दुचाक्या आहेत ह्या शहरात. हवा बदलायलाच हवी. पण मी हिशोब करून बघते, ऑइल, प्लग, कार्बोरेटर, टॅपेट, एअर फिल्टर, हे सगळं काकांच्या दिवसाच्या कमाईतून एका फटक्यात जातं. टायर राहतात, ब्रेक राहतात, बेअरिंग राहतात. जुन्या गाडीच्या बदल्यात नवी घेणाऱ्यांना मदत द्यायच्या गोष्टी मी ऐकते, वाचते. गल्लीतल्या मेकॅनिकचं काय, ह्याबद्दल मात्र त्या मानाने फारच कमी ऐकू येतं, आणि मला वाटतं तिथे चूक होतेय, कारण उद्या लाखो इलेक्ट्रिक गाड्या रस्त्यावर आल्या तर त्यांना हात लावणारा माणूस प्रत्येक गल्लीत आधीच बसलेला आहे, त्याला फक्त शिकवायचंय.

काकांनी वाट बघितली नाही. मध्ये एकदा गेले तर त्यांच्यासमोर कुठल्यातरी इलेक्ट्रिक गाडीचं मागचं चाक उघडं पडलेलं, मोटर चाकातच असते ना, त्यामुळे टायर काढायचा तर आधी वायरी सोडायच्या, आणि भाचा शेजारी बसून फोनवर व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवत होता. काकांनी प्रत्येक वायरीला रंगीत दोरा बांधला होता, परत जोडताना चुकू नये म्हणून. दीड तास लागला. पंक्चरचे त्यांनी नेहमीचेच पैसे घेतले आणि भाच्याने कपाळाला हात लावला. बॅटरीला ते हात लावत नाहीत, झाकण उघडायलाच तयार नाहीत, आग बघितलीय म्हणतात. बाकी कंट्रोलर, थ्रॉटल, ब्रेकचा स्विच, हळूहळू जमतंय. चो झोयच्या बाजारात जाऊन त्यांनी एक मेलेला कंट्रोलर विकत आणला, नुसता उघडून बघायला.

मी वेव्ह विकायचं ठरवलंय, आणि तिच्या जागी सेकंडहँड इलेक्ट्रिक बघतेय. शहराच्या पलीकडच्या टोकाला एक मिळतेय, मालक म्हणतो काही काम निघणार नाही. काकांना विचारलं, बघायला याल का. त्यांनी हातातला पाना ठेवला, थोडा विचार केला, आणि म्हणाले येतो, रविवारी सकाळी, पण अर्धा दिवस जाईल, दोन लाख डाँग होतील. सीट काढून सगळं वायरिंग बघणार, आणि आधी कोणी उघडलंय का तेही सांगणार. मी लगेच हो म्हटलं.